फ्रेंच आणि चिनीचे वर्ग पहिल्या पायरीवर थांबवू नका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागून पदवी प्रवेशाची धावपळ सुरू झाली की महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत परकीय भाषांचा उल्लेख ठळक अक्षरांत दिसू लागतो. फ्रेंच तर असतेच, बऱ्याच ठिकाणी जर्मन किंवा जपानी असते आणि क्वचित एखाद्या ठिकाणी चिनीही असते. नवे शैक्षणिक धोरण राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाल्यावर विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय, म्हणून अशी भाषा घेण्याची वाट मोकळी झाली, आणि ही गोष्ट स्वागत करण्याजोगीच आहे. परंतु हे वर्ग सुरू होतात याची जेवढी जाहिरात होते, तेवढी ते कोठवर जातात याची चौकशी होत नाही. पुण्यातील महाविद्यालयांत मी अनेक वर्षे फ्रेंच शिकवले आणि निवृत्तीनंतर चिनी शिकू लागले. शिक्षिका म्हणूनही आणि विद्यार्थिनी म्हणूनही हा प्रश्न जवळून पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या महाविद्यालयाला परकीय भाषेचा पहिला वर्ग उघडायचा आहे, त्याने त्या भाषेचा वरचा वर्ग कोठे आणि कसा भरणार हे आधी ठरवावे. एकट्याने ते जमत नसेल तर शेजारच्या महाविद्यालयांना सोबत घ्यावे, पण दरवर्षी नव्या मुलांना तीच मुळाक्षरे, तेच एक ते वीस आकडे आणि तीच स्वतःची ओळख शिकवून वाऱ्यावर सोडू नये.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. साधा तासांचा हिशेब मांडून पाहिला तरी ते पटेल. एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचे अध्यापन. भाषेला दोन क्रेडिट मिळाली तर एका सत्रात ३० तास हाती येतात, आणि त्यांतून अंतर्गत चाचण्या, स्नेहसंमेलन व सणांच्या सुट्ट्या वजा केल्या की प्रत्यक्ष शिकवण्याचे तास आणखी कमी होतात. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानल्या आहेत, आणि फ्रेंच शिकवणाऱ्या कोणालाही विचारले तरी त्यांतली पहिली पायरी नीट चढायलाच वर्गातले ८० ते १०० तास लागतात असे उत्तर मिळेल. ज्या पायरीवर विद्यार्थी वर्तमानपत्रातला लेख वाचून त्यावर आपले मत मांडू शकतो आणि विद्यापीठातले व्याख्यान बऱ्यापैकी समजून घेऊ शकतो, ती बी-२ ही चौथी पायरी, आणि तेथवर पोहोचायला साधारण ५०० ते ६०० तास खर्ची पडतात. चिनीचा हिशेब आणखी वेगळा आहे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवण्यासाठी जी संस्था चालवते, तिने कामकाजापुरती फ्रेंच यायला सुमारे ३० आठवडे आणि चिनी यायला ८८ आठवडे, म्हणजे जवळजवळ २,२०० तास, धरलेले आहेत. ते अधिकारी दुसरे काही न करता दिवसभर तेवढेच शिकत असतात, हेही लक्षात घ्यायला हवे. आपली महाविद्यालये मात्र ज्या भाषेला तिप्पट वेळ लागतो तिलाही तेच ३० तास देतात आणि त्या बळावर मुलाच्या हाती प्रमाणपत्र ठेवतात.

त्यातच आपल्याकडे अकरावी-बारावीची एक जुनी अडचण आहे. शहरांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंच किंवा जर्मन घेणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी ती गुण मिळवून देणारी भाषा म्हणून घेतलेली असते, आणि त्यात मुलांचा दोष नाही, कारण त्यांना घरी आणि शाळेतही तसेच सांगितलेले असते. दोन वर्षे शिकून, शंभरापैकी नव्वदच्या वर गुण घेऊन ही मुले पदवीला येतात आणि तेथे त्यांच्यासाठी पुढचा वर्गच नसतो. मग ती एक तर भाषा सोडून देतात किंवा नवशिक्यांच्या बाकावर बसून पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात. अशाच एका वर्गात बारावीला फ्रेंचमध्ये उत्तम गुण मिळवलेली एक मुलगी होती. 'येणे' या क्रियापदाची भूतकाळातली सगळी रूपे तिने फळ्यावर न चुकता लिहून दाखवली, पण मी तिला फ्रेंचमध्येच, अगदी सावकाश, "आज सकाळी कॉलेजला कशी आलीस?" असे विचारले तेव्हा तिला एक वाक्य जुळवता आले नाही. तिचा चेहरा उतरला. तिला ते रूप येत होते, बस हा शब्दही येत होता. फक्त कोणी तिला तोवर प्रश्नच विचारला नव्हता, कारण तिच्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिकेत तोंडी परीक्षेला नावापुरतेच स्थान होते. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची डेल्फ ही परीक्षा याच कारणासाठी मला अधिक न्याय्य वाटते. तिच्यात ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चारही अंगांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० लागतात, पण एकाही अंगात पाचपेक्षा कमी गुण मिळालेले चालत नाहीत. बोलता न येणारा विद्यार्थी तिच्यात लेखी गुणांच्या जोरावर वर सरकू शकत नाही.

वरचे वर्ग बंद का पडतात, याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या सत्राला साठ मुले असतात, दुसऱ्याला तीस, तिसऱ्याला बारा आणि चौथ्याला सहा, असा काहीसा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. ठरावीक संख्येपेक्षा कमी मुले असली की बॅच चालवायची नाही हा दंडक आला, की ज्या सहा जणांना खरोखर पुढे जायचे होते त्यांचीच वाट बंद होते. मी जेथे शिकवत होते तेथे असा एक वर्ग ऐन सत्राच्या तोंडावर रद्द झाला तेव्हा त्या मुलांनी विभागाच्या दारात उभे राहून "मॅडम, मग आम्ही आता काय करायचं?" असे विचारले होते, आणि खासगी क्लास लावा यापलीकडे सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. त्यांच्यातल्या दोघांना ते परवडणारे नव्हते. भाषा शिकवणाऱ्यांची परिस्थितीही याला पूरकच आहे. कित्येक ठिकाणी परकीय भाषेचा शिक्षक तासिका तत्त्वावर नेमलेला असतो, सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात धावत असतो, आणि पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे त्याला माहीत नसते. अशा माणसाने तीन वर्षांची आखणी करावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

वास्तविक भाषेची खरी गोडी मधल्या पायऱ्यांवरच लागते आणि मराठी मुलांच्या बाबतीत तर हे फार लवकर घडू शकते, हे मी ठामपणे सांगते. फ्रेंचमध्ये भूतकाळाची दोन रूपे सतत शेजारी-शेजारी वापरावी लागतात: एक घडून गेलेल्या गोष्टीचे आणि दुसरे नेहमी घडणाऱ्या, चालत राहिलेल्या गोष्टीचे. इंग्रजीतून हा भेद समजावताना पानेच्या पाने नियम द्यावे लागतात. मराठी मुलाला मात्र "आजोबा रोज पहाटे फिरायला जात" आणि "आजोबा काल पहाटे फिरायला गेले" ही दोन वाक्ये पुरतात, कारण रीतिभूतकाळ त्याच्या भाषेत मुळातच आहे. तू आणि तुम्ही यांतला फरक, आणि एकाच वडीलधाऱ्या माणसाला अनेकवचन लावण्याची रीत, त्याला शिकवावी लागत नाही. फ्रेंचमध्येही तेच आहे. कर्म आधी येऊन क्रियापद मागून आले की भूतकाळवाचक धातुसाधिताला त्या कर्माचे लिंग आणि वचन लागते, हा फ्रेंच व्याकरणातला नियम इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना भारी जातो. परंतु जो मुलगा जन्मापासून "मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली" असे बोलत आला आहे, त्याला कर्माप्रमाणे क्रियापद बदलणे यात नवल काय वाटणार? कोकणातून आलेल्या, घरी मालवणी बोलणाऱ्या मुलींना फ्रेंचचे अनुनासिक स्वर इतरांपेक्षा सहज जमतात, हेही मी वर्गात ऐकले आहे. तरीही आमची सगळी शिकवणी इंग्रजीतून चालते, पुस्तकांतले शब्दार्थ इंग्रजीत असतात, आणि जालना-नांदेडहून मराठी माध्यमातून आलेला हुशार मुलगा फ्रेंच अवघड आहे अशी समजूत करून घेऊन बाहेर पडतो. त्याला अडवणारी भाषा फ्रेंच नसते.

चिनीच्या बाबतीत हा अनुभव मी स्वतः बाकावर बसून घेते आहे. पिनयिन ही १९५८ मध्ये स्वीकारलेली रोमन लेखनपद्धती इंग्रजीच्या सवयीने वाचली की उच्चार पार बिघडतात, कारण तिच्यात जेथे बी लिहिलेले असते तेथे खरा उच्चार आपल्या 'प'च्या जवळचा असतो आणि जेथे पी लिहिलेले असते तेथे 'फ'च्या जवळचा. ज्या शहराला आपण बीजिंग म्हणतो, त्याचा उच्चार तेथील माणूस जवळजवळ पेइचिंग असा करतो. अल्पप्राण आणि महाप्राण यांचा हा भेद युरोपीय विद्यार्थ्याला महिनोन् महिने घोटावा लागतो, तर आपल्याकडे तो पहिलीतल्या मुलालाही येतो. एवढेच काय, 'चमचा'मधला च आणि 'चार'मधला च हे दोन वेगळे उच्चार मराठीत आहेत आणि चिनीलाही तसे दोन वेगळे ध्वनी लागतात. आमच्या वर्गात लातूरकडचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. शिक्षिकेने ही गोष्ट एकदा मराठी उदाहरणाने सांगितल्यावर त्याने एक चिनी शब्द असा स्वच्छ उच्चारला की त्यांनी तो साऱ्या वर्गाकडून त्याच्याच मागून म्हणवून घेतला. चिनीत शब्दाचा अर्थ ज्यांवर ठरतो त्या चार सुरांचे काम मात्र आपल्यालाही नवे आहे. तिसऱ्या सुराचे दोन शब्द लागोपाठ आले की पहिल्या शब्दाचा सूर दुसऱ्या क्रमांकाच्या सुरासारखा वर चढतो, असे बारकावे कानावर पुन्हा पुन्हा पडल्याशिवाय आणि कोणी तरी समोर बसून दुरुस्त केल्याशिवाय जिभेवर बसत नाहीत. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या दोन तासांच्या वर्गात ते होणे नाही.

चिनी लिपीबद्दल लोकांना भीती असते, ती अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही, पण ती योग्य जागी असावी. चौकटीच्या वहीत एकेक अक्षर घटवताना आधी आडवी रेघ मग उभी, आधी डावा भाग मग उजवा, बाहेरची चौकट आधी आणि ती मिटवणारी खालची रेघ सर्वांत शेवटी, हा क्रम एकदा हाताला लागला की अक्षरे परकी वाटेनाशी होतात, आणि पाण्याशी संबंध असलेल्या कितीतरी अक्षरांच्या डाव्या अंगाला तेच तीन थेंब आढळू लागले की त्यांच्यातली व्यवस्था दिसायला लागते. खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेत पहिल्या दोन पातळ्यांवर अक्षरांसोबत पिनयिन छापलेले असते, तिसरीपासून ते काढून घेतले जाते. गेली अनेक वर्षे या परीक्षेच्या सहा पातळ्यांसाठी अपेक्षित शब्दसंख्या १५०, ३००, ६००, १,२००, २,५०० आणि ५,००० अशी धरली जाते, म्हणजे प्रत्येक पातळीला ओझे जवळजवळ दुप्पट होते. २०२१ मध्ये चीनने जाहीर केलेल्या नव्या मानकांत तर नऊ पातळ्या असून शब्द ११,००० च्या वर गेले आहेत. चिनीचे तास तिसऱ्या पातळीपासून वाढायला हवेत, आणि आपल्याकडे वर्ग नेमका तेथेच संपतो. दोन पातळ्यांपर्यंत शिकून सोडलेली चिनी वर्षभरात विसरायला होते. त्यासाठी घेतलेले शुल्क, शिक्षकाचे श्रम आणि मुलाचा उत्साह हे तिन्ही वाया जातात.

चिनीच्या वाटेत राजकारणही आले. शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनीचे नाव होते. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले जवान हुतात्मा झाले आणि जुलैअखेर जाहीर झालेल्या अंतिम धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन यांची नावे राहिली, चिनीचे गेले. गलवाननंतर देशभर उसळलेल्या संतापात मीही सहभागी होते आणि आजही त्या जवानांची आठवण आली की मन अस्वस्थ होते. परंतु ज्या देशाशी आपली हजारो किलोमीटरची सीमा आहे, ज्याच्याकडून आपण वर्षाला शंभर अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल आणतो, त्याची भाषा जाणणारी माणसे कमी करून आपण कोणाचे नुकसान करतो? सीमेपलीकडून येणारे निवेदन, तेथील वर्तमानपत्रातला अग्रलेख, यंत्रासोबत आलेली सूचनापुस्तिका आणि कराराचा मसुदा हे सगळे मुळातून वाचणारे आपले लोक हवेत, आणि संबंध ताणलेले असतात तेव्हा तर अधिकच हवेत. २०२० पासून बंद असलेली दोन देशांतली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे. महाराष्ट्रातली कितीतरी मुले वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला जातात. त्यांचे वर्ग इंग्रजीतून चालले तरी रुग्णालयात समोरचा म्हातारा रुग्ण इंग्रजीतून दुखणे सांगत नाही, आणि मग ऐन प्रशिक्षणाच्या काळात त्यांना धावपळ करून भाषा शिकावी लागते. हीच मुले येथून दोन-तीन पातळ्या पूर्ण करून गेली तर त्यांचे किती कष्ट वाचतील!

या भाषांशी आपले नाते काही आजचे नाही. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते, कोटणीस तेथे चिनी शिकले, त्या भाषेत त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणारे पु. वि. बापट चिनी शिकले ते बौद्ध ग्रंथांसाठी, कारण ज्यांची भारतातली मूळ प्रत नष्ट झाली असे कितीतरी ग्रंथ चिनी भाषांतरांच्या रूपाने टिकून आहेत. विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथावरील टीकेच्या चिनी रूपाचा त्यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्या सहकार्याने केलेला अनुवाद १९७० मध्ये भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केला. सातव्या शतकात ह्युएनत्संग दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला आणि येथील लोक उपकार स्मरणारे पण अपमान सहन न करणारे आहेत असे त्याने लिहून ठेवले, हे आपण शाळेपासून अभिमानाने सांगतो. त्याचा प्रवासवृत्तान्त युरोपात प्रथम पोहोचला तो १८५७-५८ मध्ये स्तानिस्लास ज्युलियाँ यांनी चिनीतून केलेल्या फ्रेंच भाषांतरामुळे, आणि आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत तो आला इंग्रजीतून. आपल्याच पूर्वजांविषयीचे हे वर्णन मुळातून वाचू शकेल असा इतिहासाचा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांतून का तयार होऊ नये? मराठीच्या जडणघडणीवरचा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांचा मूलभूत ग्रंथही फ्रेंचमध्येच लिहिला गेला. वासुदेव गोपाळ परांजपे यांना फ्रेंच उत्तम येत होते म्हणून तो मराठीत आला. प्राथमिक पातळीच्या फ्रेंचवर असे काम होत नसते.

इतिहास बाजूला ठेवला तरी आजच्या व्यवहारातही वरच्या पातळीचीच गरज पडते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर येथे फ्रेंच बनावटीच्या अणुभट्ट्या उभारण्याचा विषय पंधरा वर्षांहून अधिक काळ चर्चेत आहे. त्याच प्रकारची अणुभट्टी फ्रान्समध्ये फ्लामांव्हील येथे बांधली जात असताना तिचा गाभा सामावणाऱ्या पात्राच्या पोलादात दोष असल्याचे २०१५ मध्ये तेथील नियामक संस्थेने जाहीर केले आणि त्यावर फ्रान्समध्ये प्रदीर्घ चर्चा झाली. ती चर्चा मुळातून वाचून मराठीत मांडणारे किती जण आपल्याकडे होते? प्रकल्पाच्या बाजूचे असोत वा विरोधातले, दोघांनाही त्या वाचनाचा उपयोग झाला असता. फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी जानेवारी २०२४ मध्ये भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या २०३० पर्यंत ३०,००० करण्याचे उद्दिष्ट सांगितले आणि फ्रेंच न येणाऱ्यांसाठी आधी भाषा शिकवणारे वर्ग उघडण्याचेही जाहीर केले. म्हणजे जे काम आमच्या महाविद्यालयांनी येथे अल्प शुल्कात करायला हवे, त्यासाठी आमच्या मुलांनी परदेशात एक वर्ष आणि लाखो रुपये घालवायचे. हल्ली मोबाईल सगळे भाषांतर करून देतो, असे पालक मला सांगतात. बाजारात भाव विचारायला तो पुरेसा आहे. पण कराराच्या कलमात किंवा औषधाच्या मात्रेत त्याने केलेले भाषांतर बरोबर आहे की नाही हे ठरवणारा माणूस लागतो, आणि तो वरच्या पायरीपर्यंत शिकलेलाच असावा लागतो.

हे होऊ शकते याची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बारावीनंतर चिनी किंवा फ्रेंचचा एकही शब्द न येणारा विद्यार्थी बी.ए. ऑनर्सला प्रवेश घेतो आणि एम.ए.पर्यंत जातो. शांतिनिकेतनात १९३७ पासून चीनभवन उभे आहे. पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाने रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत नोकरदार आणि इतर विषयांचे विद्यार्थी यांच्यासाठी कित्येक पिढ्या अर्धवेळ वर्ग चालवले आणि प्रमाणपत्रापासून एम.ए.पर्यंतची वाट खुली ठेवली. माझ्या पिढीतल्या कितीतरी फ्रेंच शिक्षकांची घडण तेथलीच. परंतु सगळ्या महाराष्ट्राचा भार एका इमारतीवर टाकता येत नाही. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर येथील मुलांनी काय करायचे?

माझी सूचना अशी आहे. एका शहरातील पाच-सहा महाविद्यालयांनी परकीय भाषांचे वर्ग वाटून घ्यावेत. पहिली पातळी हवी तर प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी चालवावी, पण दुसऱ्या पातळीपासूनचे वर्ग एकत्र करून सायंकाळी एका मध्यवर्ती महाविद्यालयात भरवावेत, म्हणजे येथले सहा आणि तेथले आठ मिळून वर्ग उभा राहील आणि मुले कमी म्हणून तो बंद करण्याची वेळ येणार नाही. दुसऱ्या संस्थेत मिळवलेली क्रेडिट आपल्या पदवीत जमा करण्यासाठी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सची व्यवस्था २०२१ पासून अस्तित्वात आहे. तिचा उपयोग भाषांइतका क्वचितच दुसऱ्या कोणत्या विषयाला होईल. वर्गाची ओळख सत्राच्या क्रमांकाने न करता पातळीने करावी, आणि प्रवेशाच्या वेळी अर्ध्या तासाची तोंडी व लेखी चाचणी घेऊन ज्याला जेवढे येते तेथे त्याला बसवावे, मग तो प्रथम वर्षाचा असो की तृतीय. ज्याने भाषा गौण विषय म्हणून निवडली त्याला वीस क्रेडिट धरली तरी ३०० तासच मिळतात, आणि तेवढ्यात फ्रेंचमध्ये फार तर बी-१ च्या उंबरठ्यावर पोहोचता येते, हे लक्षात घेऊन उरलेल्या तासांची सोय सुट्टीतल्या सलग वर्गांनी करावी. चिनीला आठवड्यातून निदान चार दिवस द्यावेत. रोज थोडा वेळ मिळाला तर सूर आणि अक्षरे दोन्ही टिकतात. परीक्षेत ऐकणे आणि बोलणे यांना निम्मे गुण असावेत. आणि हे सगळे चालवण्यासाठी शहरागणिक प्रत्येक भाषेचे निदान दोन शिक्षक पूर्णवेळ, नियमित वेतनावर नेमावेत. एवढा खर्च पाच-सहा संस्थांनी मिळून करणे अशक्य नाही.

यांतली बरीचशी पावले उचलण्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. प्राचार्यांनी आपापसांत बसून ठरवले आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने मान्यता दिली तर पुढच्या सत्रापासूनही सुरुवात होऊ शकते. तोवर निदान एक गोष्ट याच प्रवेशाच्या हंगामात व्हावी: ज्या माहितीपत्रकात फ्रेंच, चिनी किंवा अन्य परकीय भाषेचे नाव छापले आहे, त्यात तिचा सर्वांत वरचा वर्ग कोणत्या पातळीचा आहे, तो गेल्या वर्षी प्रत्यक्ष भरला का आणि तो शिकवणारा शिक्षक नियमित आहे की तासिकेवर, हे तिन्ही स्पष्ट लिहिलेले असावे, आणि पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी ते विचारून घ्यावे.

आपली नम्र,
एक निवृत्त फ्रेंच प्राध्यापिका, पुणे